सासूची वीत

चांगुणाबाईचा प्रवेश नेहमी डाव्या विंगेतून व्हायचा. म्हणजे आमच्या गल्लीच्या डाव्या तोंडाने. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दुधाची किटली, दोन्ही हात मोकळे. दारापाशी आली की एकच वाक्य टाकायची, "बाई, भांडं!" आवाज असा, की शेवटच्या रांगेतला झोपलेला प्रेक्षकसुद्धा दचकून उठेल. मी इतकी वर्षं रंगभूमीवर काढली, पण दोन शब्दांत सगळं घर जागं करणं मला कधी साधलं नाही.

त्या वेळी मी नुकतीच रंगभूमीवरून उतरले होते. आमची नाटक कंपनी मिटली, पडदे कुणीकुणी नेले, आणि ह्यांनी आपली बाजाची पेटी उचलून संगमनेरला वडिलांच्या दोन खोल्यांत आणून ठेवली. पेटीमागून मी आले. गावात मला नावाने कुणी ओळखत नव्हतं. मी नाटकवाल्या बाई. ते नावही चांगुणाबाईनेच पाडलं.

"नाटकवाल्या बाई, एक इचारू का?" एकदा दूध ओतता ओतता ती म्हणाली. "तुमी तिथं खरंच रडायच्या, का पानी लावायच्या?"

"खरंच रडायचे."

"रोजच्या रोज?"

"रोज. आणि दोन खेळ असले तर दोनदा."

"मग बरं हाय," ती म्हणाली. "आमाला फुकट रडावं लागतं."

असं बोलून ती हसली, मापानंतर दुधाची एक धार वरून सोडली आणि गेली. उंच, काळीसावळी, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका, कुंकू चांगलं रुपयाएवढं. माहेर राहात्याचं. लग्न होऊन आली तेव्हा तिची उंची दाराच्या कडीपर्यंतही पोचत नव्हती, असं तीच सांगायची. नवरा रंभाजी शेतात, ही म्हशींत. मूलबाळ नाही.

पण मूल नव्हतं असं तरी कसं म्हणू? तिने एक मूल वाढवलं होतं.

चांगुणाबाईची थोरली जाऊ भागीरथी. घर एकत्र होतं तेव्हा भागीरथीला मुलगी झाली, मुक्ता. बाळंतपणानंतर भागीरथी वर्षभर अंथरुणाला खिळली. मुक्ता चांगुणाबाईच्या मांडीवर वाढली, तिच्या हातचं दूध प्यायली आणि बोलायला लागली तेव्हा चुलतीला 'आई' म्हणू लागली. जन्मदात्या आईला ती सगळ्या घराचं ऐकून 'बाई' म्हणायची. एकत्र घरात हे खपून गेलं. पुढे भाऊ वेगळे झाले, अंगणात भिंत आली, मुक्ता भिंतीच्या पलीकडे गेली. आणि रोज तिन्हीसांजेला ती पोर भिंतीपाशी उभी राहून 'आई, आई' अशा हाका मारायची. ते भागीरथीच्या काळजाला किती लागलं असेल, याचा विचार मी पुष्कळ उशिरा केला. आधी मी चांगुणाबाईच्याच बाजूने होते. दूध तिचं येत होतं ना!

मग मुक्ताचं लग्न निघालं. आमच्याकडे सख्ख्या घरात कार्य असलं की घरच्या बाईने स्वतः येऊन कुंकू लावून बोलवायचं असतं. भागीरथीने एका पोराबरोबर निरोप धाडला. चांगुणाबाई म्हणाली, "कुकू घिऊन ती आली न्हाई. मी जायची न्हाई." भागीरथी म्हणाली, "भिंतीपलीकडं मला ऱ्हाइली का कोनी, कुकू लावाया?" वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या. चांगुणाबाई भिंतीच्या अलीकडे म्हशीला पेंड घालत राहिली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. पाणी भरायला एकाच आडावर यायच्या, पण एकीची घागर वर आल्याशिवाय दुसरी कठड्याजवळ जायची नाही.

हे सगळं झाल्यावर बहात्तर साल आलं. पाऊस आला नाही. प्रवरेच्या पात्रात पोरं हुतुतू खेळायला लागली. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची आणि तिच्या भाकरीला काही केल्या चव यायची नाही. चांगुणाबाईची एक म्हैस दुष्काळी गुरांच्या छावणीत गेली. किटली अर्धी झाली. शेतात खुरपायला काहीच नाही, त्यामुळे ज्या बायांना दुपारी कधी बसायला मिळालं नाही त्या रिकाम्या झाल्या आणि माझ्या पडवीत येऊन टेकू लागल्या.

आमच्या समोर मालनबाई राहायच्या. नगरच्या एका मिशन दवाखान्यात कपड्यांच्या खोलीवर होत्या, तिथून निवृत्त होऊन भावाकडे आलेल्या. पांढरं पातळ, ताठ मान, आणि बोलणं तालीम मास्तरांसारखं. त्यांच्याकडे लांब आकडीचं विणकाम होतं. तरुणपणी दवाखान्यातल्या मडमेनं त्यांना शिकवलेलं. साध्या क्रोशाच्या सुईवर एकच टाका असतो. या आकडीवर जाताना सगळ्या रांगेचे टाके एकामागून एक चढवायचे, आकडी माळेसारखी भरायची, आणि येताना दोन-दोन करून सोडत परतायचं. काम उलटायचं नाही. मडम त्याला ट्युनिशियन क्रोशा म्हणायची.

"कुठल्या गावचं म्हनं हे?" कोपऱ्यातून गोजरबाईने विचारलं. गोजरबाई म्हणजे आमचं विनोदी पात्र. चांगुणाबाईच्या शेजारी जन्म काढलेली, साठी उलटलेली, तोंडात दात कमी आणि शब्द जास्त.

"ट्युनिस. समुद्रापलीकडे आहे," मालनबाई म्हणाल्या.

"तिकडं तरी पाऊस झाला का इचारा."

आदल्या हिवाळ्यात लढाईच्या वेळी आम्ही जवानांसाठी स्वेटर विणून पाठवले होते. त्यातली उरलेली हिरवी लोकर मालनबाईंच्या ट्रंकेत होती. एक गुंडा, बस. बाकी प्रत्येकीने घरातून थोडी-थोडी लोकर आणली. कुणी फाटका मफलर उसवला, कुणी शाळेतल्या पोराचं स्वेटर. मी माझ्या नाटकी कपड्यांच्या पेटीतून राजाच्या शेल्याचे लाल लोकरी गोंडे काढून दिले. त्या गोंड्यांनी शंभर दरबार पाहिले होते. सहादू सुताराने बांबूच्या कामट्या तासून लांब आकड्या केल्या आणि टाके घसरू नयेत म्हणून मागच्या टोकाला बैलाच्या जुन्या माळेतला एकेक मणी बसवला.

बेत मालनबाईंचा. त्यांना जेवढे टाके येत होते तेवढे एका पांघरुणात आणायचे. चौकोन-चौकोन विणायचे, प्रत्येकीचा टाका वेगळा, म्हणजे पुढे कुणाला शिकायचं असेल तर पांघरूण बघून शिकेल. आणि हे पांघरूण कुणा एकीचं नाही. आमच्या गल्ल्यांत जिथे बाळंतपण होईल तिथे ते जाणार, सव्वा महिना बाळाच्या अंगावर राहणार आणि परत येऊन पुढच्या घरी जाणार.

"म्हणजे दौऱ्यावर," मी म्हणाले. मला तर आमची कंपनीच आठवली.

"जिच्या हातची शेवटची गाठ, तिनं पहिल्या घरी न्यायचं," गोजरबाईने नियम जाहीर केला. तो सर्वांना आवडला. शेवटची गाठ मालनबाईच मारणार हे ठरल्यासारखंच होतं.

पहिलं घर कुठलं तेही सगळ्यांना माहीत होतं. मुक्ता पहिलटकरीण. पौषात दिवस भरत होते आणि ती भागीरथीकडे, माहेरी आली होती.

म्हणूनच भागीरथी आमच्या पडवीत आली. एरवी ती कुणाच्या पडवीत बसणारी बाई नव्हे. बुटकी, गोरी, ओठ घट्ट मिटलेले. ती आली त्या दिवशी चांगुणाबाई आधीच उजव्या खांबाशी बसली होती. भागीरथी डाव्या खांबाशी बसली. मधे आम्ही सात-आठ बाया. रंगमंचाची इतकी चोख विभागणी मी दुसरीकडे पाहिली नाही.

"नाटकवाल्या बाई," उजव्या खांबाकडून, "त्या खांबाला म्हनावं, कात्री इकडं सरकवा."

"गोजरमावशी," डाव्या खांबाकडून, "म्हनावं कात्रीला पाय न्हाईत. लागंल तिनं उठावं."

"मी कात्री हाय का टपालवाली?" गोजरबाई म्हणायची. पण कात्री न्यायची तीच.

चांगुणाबाई बाजरीच्या कणसासारखा दाणेदार टाका शिकली. तिचा हात जाड, पण टाका एकसारखा. विणताना ती बोलत नसे. एकदा मात्र माझ्या शेजारी सरकून हळूच म्हणाली, "बाई, पोरीचे पाय सुजलेत का वो? तुमी गेल्ता न्हवं परवा तिकडं?"

"थोडे सुजलेत."

"मीठ कमी कर म्हनावं. ल्हानपनापासून लई मीठ खाती ती." आणि थोडं थांबून, "माझं नाव नका घिऊ."

"तू स्वतः का जात नाहीस?"

तिने आकडी खाली ठेवली. "बोलावलं तर अनवानी पळत जाईन. बोलावल्याबिगर न्हाई. लग्नाला न्हाई गेले, आन् आता बाळाच्या लालचीनं उंबऱ्यावर हुबी ऱ्हाऊ? लोक काय म्हंतील ते म्हनू द्या. पोरगी काय म्हनंल?"

तेवढंच तिला हवं होतं. बाळ बघायला मिळणं, आणि मानाने बघायला मिळणं. दोन्ही एकदम. आणि ते एकाच बाईच्या हातात होतं, जी डाव्या खांबाशी पाठ वळवून विणत होती.

चौकोन एकेक करून तयार होऊ लागले. लांब आकडीच्या कामाला एक खोड असते, ते खालून पापडासारखं वळतं. मालनबाई ओलं फडकं टाकून त्यावर पाट ठेवायच्या, वर गोजरबाईला बसवायच्या. "माझा एवढाच उपेग," ती म्हणायची आणि ऐसपैस बसायची.

माप साधं ठरलं होतं. वीतभर लांब, वीतभर रुंद. कुणाच्या घरी फूटपट्टी होती? वीत प्रत्येकीच्या हाताला होती. बायांच्या वितीत फरक तो कितीसा, आणि लोकर ओढली की वाढते, दाबली की बसते.

संक्रांतीच्या सुमारास मालनबाईंनी सगळे चौकोन पडवीत सतरंजीवर मांडले. आम्ही भोवती उभ्या. तांबडे, निळे, करडे, जाळीचे, मधाच्या पोळ्यासारखे, खिडकीच्या गजासारखे. माझे लाल गोंडे बरोबर मधोमध आलेले. मी मनातल्या मनात तिसरी घंटा दिली.

मालनबाई मात्र वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी एक चौकोन उचलला. मग दुसरा, तिसरा. आणखी तीन.

"हे लहान आहेत," त्या म्हणाल्या. "सहाच्या सहा. चांगले दोन बोटं कमी. जोडणार कसे? कुणाचे हे?"

तीन दाणेदार होते, चांगुणाबाईचे. तीन जाळीचे, भागीरथीचे.

"ल्हान कसे व्हतील?" चांगुणाबाई पुढे झाली. "वीतभर हायेत. घ्या, बघा." आणि तिने आपल्या चौकोनावर हात पसरला.

"माझेबी वीतभर हायेत," म्हणत पलीकडून भागीरथीनेही आपल्या चौकोनावर हात ठेवला.

दोन हात सतरंजीवर समोरासमोर. आणि आम्ही बघतच राहिलो. वीत म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. या दोघींनी अंगठा ताणला होता, पण करंगळी तळव्यात दुमडून घेतली होती. माप करंगळीशेजारच्या बोटावर संपत होतं. दोघींचंही. अगदी एकसारखं.

मग गोजरबाई पाटावरून उठली, जवळ आली आणि कपाळावर हात मारला.

"आगं बया! ही तर दगडाबाईची वीत!"

दगडाबाई म्हणजे या दोघींची सासू. मी तिला पाहिलं नव्हतं, ती आधीच वारली होती. तरुणपणी कडबा तोडताना विळ्याखाली तिची करंगळी गेली. त्या चार बोटांच्या हाताने तिने संसार मोजला. चुलीचं तोंड, गोधडीचं ठिगळ, झबल्याची उंची, सगळं तिच्या वितीने. घरात आलेल्या दोन्ही सुनांना तिने शेजारी बसवून गोधडी शिकवली, आणि त्या घाबरट पोरींनी सासूने हात ठेवला तसाच हात ठेवला. करंगळी दुमडून.

"म्हातारीच्या वितीनं मोजलं न्हाई तर ठिगळं उसवायला लावायची," भागीरथी म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. ती आपल्या हाताकडे बघत होती.

"आन् आपुन दोघी कंदिलाच्या काजळीनं खूण करून ठिवायचो," चांगुणाबाई म्हणाली. तीही आपल्याच हाताकडे बघत होती. मग दोघींना एकदमच जाणवलं की आपण बोललो. दोन्ही हात पदराखाली गेले.

मालनबाईंना यातलं काही शिवलं नाही. त्या शिस्तीच्या बाई. "ठीक आहे. सहाही उसवा आणि पुन्हा करा. आठ दिवस आहेत हाताशी."

"न्हाई उसवायची!"

हे वाक्य दोन तोंडांतून एकाच वेळी आलं. इतकं एकसुरात, की कोरसाला महिनाभर तालीम देऊनही असं येत नाही. गोजरबाईने तोंडाला पदर लावला.

मालनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग काठ लावा. चारी बाजूंनी. एकाच रंगाचा, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसेल." त्या ट्रंकेकडे गेल्या आणि जवानांच्या लोकरीचा तो हिरवा गुंडा घेऊन आल्या. "एवढाच आहे. आत एक टोक आहे, बाहेर एक. दोघींनी वाटून घ्या. तोडायचा नाही. तोडला की गाठी होतात, आणि गाठी बाळाला टोचतात."

गाठ बाळाला टोचते की नाही मला माहीत नाही. पण मालनबाई वाटत होत्या तेवढ्या काही सरळ नव्हत्या.

गुंडा मधे ठेवला. चांगुणाबाईने बाहेरचं टोक घेतलं, भागीरथीने आतलं. पण दोन खांबांपर्यंत लोकर पोचवायची तर गुंडा गडगडायचा, पायात यायचा, मांजर धावायचं. पहिल्या दिवशी भागीरथी खांब सोडून जरा पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई. मग दोघी गुंड्याच्या दोन बाजूंना, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. बोलणं नाहीच. एकीने ओढलं की गुंडा दुसरीकडे वळायचा. लोकर अडकली की दोघी थांबायच्या, एकीने बोटाने मोकळी करायची, दुसरीने विणायला लागायचं.

"दोघींत मिळून एक गाय पिळाया बसल्यावानी दिसतंय," गोजरबाई म्हणाली.

त्यावर दोघीही हसल्या नाहीत. पण ओठ दाबले दोघींनी.

मुक्ता त्याच आठवड्यात बाळंत झाली. मुलगा. बातमी घेऊन भागीरथीच्या घरून गडी आमच्याकडे आला, तसाच सगळ्या गल्लीत फिरला. चांगुणाबाईच्या दारासमोरून तो गेला, थांबला नाही. थांबायला सांगितलेलं नसणार. मी पाहिलं, ती दारात उभी होती. गडी पुढे गेल्यावर तिने आत जाऊन किटली घासायला घेतली. ती किटली आधीच घासलेली होती.

दुसऱ्या दुपारी ती पडवीत आली तेव्हा डोळे लाल होते. आज फुकटचं रडणं झालं होतं. भागीरथी येणार नाही असं आम्ही धरूनच चाललो होतो. घरात बाळंतीण, अंगावर शेक-शेगडीची कामं. पण ती आली. अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. बसली आणि आपलं टोक उचललं.

गुंडा आता लिंबाएवढा उरला होता. पाच चौकोनांचे काठ झालेले. पांघरूण सगळं जोडून तयार, एकच कोपरा उघडा. सहावा चौकोन भागीरथीचा होता. तीन बाजू तिने भराभर विणल्या. लोकर संपत आली, गुंडा सुटून गेला, आणि दिसलं की दोघींच्या हातात आता एकच धागा आहे, एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला ती. चौथी बाजू राहिली होती. पुरेल एवढीच लोकर होती. वीतभराचं काम, घटकाभराचं.

भागीरथीने आकडी काढून चौकोनावर ठेवली.

"माझ्याच्यानं आता व्हत न्हाई," ती म्हणाली. "डोळ्यात धूर गेलाय. घरी बाळंतीण हाय. ज्याला करायचं त्यानं करावं."

उठली, पदर खोचला आणि निघाली. पायरीपाशी थांबून, पाठ आमच्याकडेच ठेवून म्हणाली, "आन् आज दिवस मावळायच्या आत न्या म्हनावं. थंडी लई हाय."

ती गेल्यावर पडवीत शांतता. मी आयुष्यभर शांततेची कदर करत आले, नाटकात ती फार कष्टाने मिळवावी लागते. ही आपोआप मिळाली.

"शेवटची बाजू," गोजरबाई म्हणाली. "म्हंजे शेवटची गाठ बी आली."

सगळ्या चांगुणाबाईकडे बघत होत्या. ती धाग्याकडे.

"मालनबाई, तुमी करा," ती म्हणाली.

"माझ्या आकडीचा मणी पडलाय," मालनबाई म्हणाल्या. मणी जागेवर होता. आम्हा सगळ्यांना दिसत होता.

चांगुणाबाईने आकडी उचलली. एकेक टाका चढवत गेली, एकेक सोडत आली. एकही टाका वाकडा नाही. गाठ मारली, दाताने तोडली, टोक आत लपवलं. मग पांघरूण घडी करून छातीशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाटकवाल्या बाई, तुमी संगं चला. मला एकलीला जमायचं न्हाई."

रस्ता असा कितीसा? भिंतीला वळसा घालून दहा पावलं. पण ती हळू चालली. भागीरथीच्या दाराशी आल्यावर तिने चप्पल उंबऱ्याबाहेर काढली आणि उभी राहिली. आत जाईना. आतून शेगडीचा धूर येत होता, आणि बारीक, नवा नवा रडण्याचा आवाज.

भागीरथी माजघरातून बाहेर आली. हातात कुंकवाचा करंडा होता. कधीपासून हातात धरला होता देव जाणे, बोटं तांबडी झाली होती. ती समोर आली, मान वर करून उंच जावेच्या कपाळावर कुंकू लावलं. थोडं भुवईवर गेलं.

मग भागीरथीने खाली पाहिलं.

"चप्पल आत काढ, चांगुणा," ती म्हणाली. "भाईर कुत्रं पळवतं."

आतून मुक्ताचा थकलेला आवाज आला, "बाई, कोन आलंय गं?"

भागीरथीने करंड्याचं झाकण लावलं.

"तुझी आई आली हाय," ती म्हणाली. "पांघरून घिऊन."

चांगुणाबाई वाकली, चप्पल उचलली, पांघरुणासकट छातीशी धरली आणि उंबरा ओलांडला. मी तिथेच थांबले होते. माझं काम संपलं होतं, विंगेत परतावं असं मनात आलं. तेवढ्यात भागीरथी माझ्यावर डाफरली, "तुमाला काय वेगळं आवतान पायजे का?"

मग मीही माझी चप्पल उचलून आत घेतली.